राखाडीच्या नऊ कांड्या

"आता बघ," म्हणत माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, पत्र्याची पेटी माझ्यासमोर ओढली, झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं सरून उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी तेवढ्यातच घरात पाऊल टाकलं होतं. मैत्रिणीच्या लग्नाला दोन दिवस बेळगावला गेले होते, खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती. पेटीत लाकडी कांड्या रचल्या होत्या. मागाच्या धोट्यात बसवतात त्या, वीतभर लांबीच्या. इचलकरंजीत आमच्या गल्लीत घरटी माग, त्यामुळे जुन्या कांड्यांना तोटा नव्हता. प्रत्येक कांडीवर एकेक रंगाचा दोरा गुंडाळलेला, इतका घट्ट आणि सारखा की यंत्रानेच भरलाय असं वाटावं.

ते माझे दोरे होते. भरतकामाच्या एकशे त्रेचाळीस लडी.

कॉलेजात असल्यापासून त्या मी जमवल्या होत्या. काही मिरजेच्या, काही पुण्याच्या, काही धारवाडला मावशीकडे गेले की तिथून आणलेल्या. प्रत्येक लडीला कागदाची बारीक पट्टी असते आणि तिच्यावर रंगाचा नंबर. साडीच्या चार खोक्यांत मी त्या नंबरवारीने लावून ठेवल्या होत्या. क्रॉस स्टिच करणारीला रंगाच्या नावाचा उपयोग नसतो, नंबर लागतो. चौकटीच्या कागदावर आधी चित्राचा नकाशा काढायचा, चौकटीचौकटीत खुणा करायच्या, खुणेपुढे नंबर लिहायचा आणि मग त्या नंबराच्या दोऱ्याने मॅटीच्या कापडावर फुल्या घालत जायचं. नंबर चुकला की चित्र चुकलं.

"एका दिवसात ऐंशी भरल्या," आत्याबाई म्हणाल्या. "हात चालतो की अजून. माहेरी होते तेव्हा सकाळी उठून पन्नास कांड्या भरल्याशिवाय चहा मिळायचा नाही. तुझं ते सगळं लोंबत होतं खोक्यात, गुंता झाला असता. आता बघ, हवी ती उचल आणि सोड धागा."

"आणि कागदाच्या पट्ट्या होत्या त्या?"

"त्या होय? बंबात घातल्या. नुसता कचरा."

मी म्हटलं, छान झालंय. मग न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पाटावर बसून रडले. बंबाखाली राख होती. त्या राखेत माझे एकशे त्रेचाळीस नंबर होते.

रडण्यासारखं कारण होतं. माझे वडील, नाना, रेल्वेत स्टेशनमास्तर होते. खांबेटे मास्तर म्हणून त्यांना त्या लाइनीवर सगळे ओळखत. शेवटची सहा वर्षं ते कऱ्हाडच्या अलीकडे वाघझरी नावाच्या लहानशा स्टेशनावर होते आणि त्या महिन्याच्या एकतीस तारखेला, म्हणजे एकतीस मेला, निवृत्त होणार होते. त्यांच्यासाठी मी वाघझरी स्टेशन क्रॉस स्टिचमध्ये काढत होते. हातभर रुंद कापड. काळ्या दगडाची ब्रिटिशांच्या वेळची इमारत, उतरतं लाल छप्पर, पुढे कडुनिंब आणि दारात लोंबणारी घंटा. दिवाळीनंतर सुरुवात केली होती. चौतीस रंग लागणार होते. अर्धं चित्र झालं होतं. त्या दिवशी तारीख होती पाच मे.

कोल्हापूरच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, मॅडम, निम्मे नंबर आहेत, बाकीचे मुंबईहून मागवायचे तर महिना धरा.

घरात हे सांगायचं कुणाला? माझा नवरा, उदय, यंत्राचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात होता. त्याला लाल आणि केशरी यातला फरक सांगावा लागे. आत्याबाईंना कळलं तर त्यांना जेवण गेलं नसतं. उरले माझे सासरे, मामंजी.

मामंजी माझ्याशी बोलत नसत.

भांडण असं काही नव्हतं. बाळकृष्ण खारगे हा माणूस कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसमध्ये अडतीस वर्षं रंगाच्या खात्यात होता. तिथेच बरोबर काम करणाऱ्या एका जुन्या जोडीदाराच्या मुलीसाठी त्यांनी शब्द दिला होता. उदयने तो शब्द मोडला आणि माझ्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मामंजी लग्नाला आले नाहीत. नंतर त्यांनी आम्हाला घरात घेतलं, माझ्यासाठी कपाटही करून घेतलं, पण नानांना भेटायला ते कधी गेले नाहीत आणि माझ्याशी जे काय बोलायचं ते आत्याबाईंच्या मार्फत. मी समोर उभी असले तरी. "तिला सांग, चहात साखर जास्त झालीय." आत्याबाई माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायची. सव्वा वर्ष असं चाललं होतं. राग येण्याचे दिवस संपून आम्हाला तिघांना त्याची सवयच झाली होती.

तेव्हा मी गप्प राहिले आणि आपणच रंग लावायचं ठरवलं. अर्धं चित्र तयार होतं, त्यातल्या टाक्यांशी कांड्या ताडून बघायच्या. मी एका दवाखान्यात कारकुनी करत होते, घरी यायला साडेसहा व्हायचे. जेवणं होईपर्यंत तासभर ट्यूबलाइटखाली बसून मी कांड्या जुळवायची. लाल, पिवळे जुळले. हिरव्यांनी छळलं. राखाडी मात्र नऊ होते आणि नऊच्या नऊ एका आईची लेकरं असल्यासारखे दिसत होते. स्टेशनच्या भिंतीचा रंग त्यातलाच. दोन दिवस बघून बघून एक निवडला आणि चार संध्याकाळी बसून भिंतीचा राहिलेला भाग भरत आणला.

रविवारी सकाळी कापड घेऊन पुढच्या खोलीत खिडकीशी बसले आणि हातातली सुई तशीच राहिली. भिंतीची आधी भरलेली डावी बाजू तांबूस आणि नवी उजवी शेवाळी. मधून सरळ रेघ गेलेली, जणू स्टेशन दोन भावांनी वाटून घेतलंय.

मामंजी समोर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून कापडाकडे बघितलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "तिला सांग, ट्यूबखाली शेड लावायची नसते. ट्यूबखाली सगळे रंग खोटं बोलतात."

आत्याबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "काय झालं?"

मग सगळं सांगावं लागलं. कागदाच्या पट्ट्या, नंबर, चौतीस रंग. ज्याची भीती होती तेच झालं. आत्याबाई खालीच बसल्या. मी चांगलं करायला गेले आणि पोरीचं काम बुडवलं, एवढंच त्या म्हणत राहिल्या. मी त्यांना धरून सांगत होते की असू दे, जमेल काहीतरी. मामंजी पेपर घडी करत होते. घडी पुरती झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिला विचार, शेडकार्ड कुणाकडं आहे?"

"कोल्हापूरच्या दुकानात आहे, पण ते बाहेर देत नाहीत," मी आत्याबाईंना म्हटलं.

"शेडकार्ड म्हणजे काय गं?" आत्याबाईंनी डोळे पुसत विचारलं. दोघांनीही त्यांना उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले तर पुढच्या खोलीतली कॉट खिडकीशी सरकवलेली होती. तिच्यावर पांढरी चादर अंथरली होती आणि एकशे त्रेचाळीस कांड्या एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत लावलेल्या. एका टोकाला पांढरा, मग साय, मग हळदीचे सगळे प्रकार, मग केशरी, पिकलेला लाल, जांभूळ, निळे, मोरपंखी, हिरवे आणि शेवटी नऊ राखाडी आणि एक काळा. कुठल्याही दोन कांड्यांची जागा बदलावी असं वाटत नव्हतं. मी दारातच उभी राहिले. माझे दोरे मी दहा वर्षं हाताळले होते, पण ते इतके सुंदर आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

आत्याबाई हळूच म्हणाल्या की हे सकाळी दहाला बसले ते साडेअकराला उठले. त्यानंतर ऊन पिवळं होतं म्हणे. मग जेवले, झोपले नाहीत, नुसते येरझाऱ्या घालत होते. रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा त्यांनी मला भाजीवरून बोल लावला नाही.

मंगळवारी मामंजी कांड्यांची पिशवी घेऊन कोल्हापूरला गेले. बरोबर उदयला नेलं होतं, त्यामुळे तिथे काय झालं ते आम्हाला कळलं. दुकानदाराने शेडकार्ड, म्हणजे प्रत्येक नंबरापुढे त्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा लावलेला पुठ्ठा, दाखवलं. मामंजी म्हणाले, हे फूटपाथवर न्या. दुकानदार म्हणाला, काका, दुकानात चार ट्यूब लावल्यात. मामंजी म्हणाले, म्हणूनच. शेवटी शेडकार्डाची एक बाजू दुकानदाराने धरली, दुसरी उदयने, आणि मामंजी फूटपाथवर उकिडवे बसून एकेक कांडी लावून बघत होते. भोवती माणसं जमली. एकाने विचारलं, काय सर्कस आहे काय? दोन तासांनी दुकानदाराने आपणहून चहा मागवला आणि विचारलं, काका, माझ्याकडे आठवड्यातून दोन दिवस येता का?

त्या रात्री जेवणानंतर मामंजींनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. एका कडेला भोकं पाडली. प्रत्येक भोकात एका कांडीचा टिचभर दोरा अडकवून गाठ मारली आणि खाली बारीक सुवाच्य अक्षरात नंबर लिहिला. कांडीच्या बुडालाही तोच नंबर. एका पट्टीवर पिवळे, एकीवर हिरवे, अशा नऊ पट्ट्या. त्या एकत्र बांधून त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिल्या. "तिला दे. पेटी कुणी पालथी केली तरी आता काय बिघडत नाही."

मला वाटलं, संपलं. उद्यापासून भिंत उसवायची आणि पुन्हा भरायची. पण ते जाग्यावरून हलले नाहीत.

"तिला विचार, चित्राचे रंग कशावरून काढले?"

मी आतून फोटो आणून आत्याबाईंकडे दिला. तेरा-चौदा वर्षांपूर्वीचा, आधीच्या मास्तरांनी काढलेला आणि नंतर स्टेशनच्या टेबलावर काचेखाली पडून राहिलेला. मामंजींनी तो दिव्याखाली धरला नाही, तसाच खाली ठेवला.

"फोटो तांबडा पडलाय. यातला निळा सगळा उडून गेलाय. तिला सांग, नंबर बरोबर लागले, पण नमुनाच खोटा असला तर नंबर काय करणार?"

"मी तिथे गेलेय की," मी आत्याबाईंना म्हटलं. "दगड काळाच आहे."

"काळा म्हणजे कुठला काळा?" मामंजी म्हणाले.



गुरुवारी ते पहाटेच घरातून गेले. आत्याबाईंना सांगितलं होतं, जरा मिरजेकडं जाऊन येतो. जेवायच्या वेळेला आले नाहीत. मी संध्याकाळी घरी आले तरी पत्ता नव्हता. आत्याबाई दारात-घरात करत होत्या. सात वाजून गेल्यावर ते आले. धोतराला कोळशाची नाही तर कसली तरी काळी बोटं लागलेली, चेहरा उन्हाने रापलेला. चप्पल काढली, पाणी प्यायले आणि खिशातून राखाडीची पट्टी काढली. तिच्यावर लाल दोऱ्यांचीही एक पट्टी बांधलेली होती.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्याबाईंकडे नाही, माझ्याकडे.

"शरयू," ते म्हणाले, "दगडाला हा. यातला चौथा. उन्हात त्याला निळी झाक येते. छपराखाली सावली पडते तिथं सातवा. छपराचा लाल तू घेतलास तो विटेचा आहे. त्यांचा लाल काव लावलेला आहे, जुना झालेला. ही बघ, दुसरी गाठ."

मी त्यांच्या हातातली पट्टी घेतली. आत्याबाईंनी लगबगीने आत जाऊन देवापुढे साखर ठेवल्याचं मला आठवतं.

"तुम्ही वाघझरीला गेला होता?" मी विचारलं.

"नमुना बघितल्याशिवाय शेड लावता येत नाही. अडतीस वर्षांत कधी लावली नाही."

"नाना भेटले?"

"होते. चहा दिला."

"तुम्ही कोण ते..."

"सांगितलं नाही." एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले.

त्यानंतरचे तेरा दिवस आमच्या घरात वेगळेच होते. माझ्या लग्नात जो गडबडगोंधळ व्हायचा राहिला होता तो जणू त्या दिवसांत झाला. आधी सगळी भिंत आणि छप्पर उसवायचं होतं. आत्याबाईंनी ते काम मागून घेतलं. कापडाला न दुखवता त्यांनी दोन दिवसांत दिवाळीपासूनचे माझे टाके असे काढले की तिथे कधी सुई शिरली होती याची खूणही राहिली नाही. दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोनच पदर घ्यायचे असतात. ते सोडवायचं काम मामंजींनी घेतलं. मी दवाखान्यातून यायच्या आधी खिडकीच्या गजाला हातभर लांबीचे दुपदरी दोरे नंबरवारीने टांगलेले असत. उदय खुणांचा नकाशा धरून बसायचा आणि ओरडायचा, "तीन चौथा, मग दोन सातवा." वेळ वाचावा म्हणून त्याने पिठलं शिकून घेतलं. सलग चार दिवस आम्ही पिठलं खाल्लं.

मामंजी आता माझ्याशी बोलत होते, पण त्याचा सराव नसल्यामुळे मधूनच "तिला सांग" असं तोंडून निघून जायचं. मग तेच थांबायचे आणि आत्याबाई हसायच्या.

एकदा मी विचारलं की तुम्हाला हे एवढे बारीक फरक कसे दिसतात. ते म्हणाले, दिसतात कुठले, लक्षात राहतात. नोकरीला लागलो तेव्हा साहेब सकाळी एक चिंधी दाखवायचा आणि संध्याकाळी दहा चिंध्यांतून ती ओळखायला लावायचा. चुकलं तर दुसऱ्या दिवशी पिंपं धुवायची. दोन महिने पिंपं धुतली. मग त्यांनी माझ्या चित्रातल्या कडुनिंबाकडे बोट करून सांगितलं की हा छान झालाय. कोवळी पानं वरच्या बाजूला दिलीस, तशीच असतात. त्या दिवशी मी जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

एकोणतीस तारखेला शेवटची फुली घातली. घंटेचा पिवळा. फ्रेमवाल्याला मामंजींनी स्वतः समोर उभं राहून पांढऱ्याऐवजी सायीच्या रंगाचा पुठ्ठा घालायला लावला. फ्रेम घरी आली आणि त्यांनी ती भिंतीशी उभी केली, मागे जाऊन बघितली, पुढे येऊन बघितली.

"नेणार कोण?" त्यांनी विचारलं.

उदय म्हणाला, मी आणि शरयू जाऊ.

"काच आहे. गाडीत धक्के बसतात. माझ्याजवळ दे," ते म्हणाले. आणि आत्याबाईंना म्हणाले, "तुझी ती जरीची साडी काढ."

एकतीस तारखेला आम्ही चौघं हातकणंगल्याला पॅसेंजरमध्ये बसलो. मामंजींनी धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि कोट घातला होता, मे महिन्यात. फ्रेम चादरीत गुंडाळून मांडीवर उभी धरली होती, कुणालाही हात लावू देत नव्हते. मिरजेला गाडी बराच वेळ थांबली. उदय पाणी भरायला खाली उतरला, आत्याबाईंचा डोळा लागला होता. मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशीचं तुला सांगितलं नाही."

मी त्यांच्याकडे वळले.

"मी भिंतीला पट्टी लावून बघत होतो. तुझे वडील बाहेर आले. म्हणाले, रंग द्यायला आलात का? या वर्षी तरी देताय का? त्यांना वाटलं, मी रेल्वेचा ठेकेदार. मी म्हटलं, नाही, नुसता रंग बघतोय. त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला. विचारलं, कुठनं आलात. मी म्हटलं, इचलकरंजी." टोपी काढून त्यांनी पुन्हा घातली. "तर म्हणाले, माझी मुलगी दिलीय तिथं. चांगल्या घरात पडलीय. मी विचारलं, कशावरून? म्हणाले, सासरे कडक आहेत म्हणे. पण कडक माणूस खोटं वागत नाही. माझ्या पोरीला ते कधी कमी करणार नाहीत."

गाडीने शिट्टी दिली. उदय पळत येऊन चढला.

"सव्वा वर्षात मी त्या माणसाला साधं पत्र टाकलं नव्हतं," मामंजी म्हणाले. "अर्धा चहा तसाच ठेवून उठलो मी. त्यांना वाटलं असेल, चहा आवडला नाही."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकले, तर ते म्हणाले, "काच, काच. जपून." म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी ठेवू दिला.

वाघझरीला आम्ही चारच्या सुमारास उतरलो. प्लॅटफॉर्मवर मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. गँगमन, पॉइंट्समन, आसपासच्या गावांतले लोक, लाल साड्या नेसलेल्या त्यांच्या बायका, सगळे जमले होते. आई कुणाला तरी लाडू देत होती. नाना मात्र आमच्याकडे बघत नव्हते. ड्यूटी पाचपर्यंत होती. ज्या गाडीने आम्ही आलो होतो तिला त्यांनी हिरवा बावटा दाखवला, गार्डला हात केला, शेवटचा डबा पार दिसेनासा होईपर्यंत तसेच उभे राहिले. मग बावटा गुंडाळून बगलेत मारला आणि वळले.

उदयला बघून त्यांचा चेहरा फुलला. मला बघून डोळे भरले. मग मामंजींवर नजर गेली आणि ते चकित झाले.

"अरे, रंगवाले! तुम्ही पण आलात?"

आईने हातातलं ताट खाली ठेवलं. मी म्हटलं, "नाना, हे मामंजी."

नाना एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. मामंजींनी चादरीची गाठ सोडली. चित्र उन्हात आलं. आणि मी बघितलं, सगळ्यांनी बघितलं, की मागे जी दगडी भिंत होती, तीच पुढे फ्रेममध्ये होती. निळी झाक असलेला तोच काळा, छपराखाली तीच सावली. एका म्हाताऱ्या गँगमनने जवळ येऊन चित्रावर बोट टेकवलं, मग मागं वळून भिंतीवर टेकवलं, आणि हसायला लागला.

नानांनी बगलेतला बावटा सावरला. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"मास्तर, तेव्हा चहा अर्धाच राहिला," मामंजी म्हणाले. "आज पुरा घेणार."

आमच्याकडे लग्नात व्याहीभेट असते. मुलाचे वडील आणि मुलीचे वडील मांडवाच्या दारात एकमेकांना कडकडून भेटतात, वाजंत्री वाजतात, बायका पदर तोंडाला लावून बघतात. माझ्या लग्नात ती झाली नव्हती. ती त्या दिवशी झाली. कोण पुढे सरकलं ते मला सांगता येणार नाही, पण दोघंही सरकले. एकाच्या बगलेत हिरवा बावटा होता, दुसऱ्याच्या हातात हातभर रुंदीची फ्रेम, आणि दोघांपैकी एकालाही त्याची शुद्ध नव्हती. पॉइंट्समनने धावत जाऊन स्टेशनची घंटा बडवायला सुरुवात केली. कुठल्याही गाडीची वेळ नव्हती, तरी तो बडवतच राहिला.

"अहो, काच फुटेल," आत्याबाई मागून म्हणत होत्या. "आधी ते चित्र तरी खाली ठेवा."

कुणी ऐकलं नाही.